दुर्वाचा तक्ता

सोमवार-गुरुवार माझी फेरी खाडीपलीकडची.
तर साडेनऊची, म्हणजे दहाची.
पिशवीत हजेरीपत्रक, रबरी चेंडू, लाकडी मणी
आणि जिल्ह्याहून आलेला एक चकचकीत तक्ता.

मेथरांचं घर चौसष्ट पायऱ्या वर.
जांभ्याच्या, एक दुसरीसारखी नाही.
शिबिरात मिळालेली चाकांची खुर्ची
खाली धक्क्यापाशीच राहिली,
तिच्यावर जाळी वाळतात.
"खुर्ची बरी आसा, बाई," दर्शना म्हणते,
"पण तिका आमचा घर म्हायत नाय."

दुर्वा नऊ वर्षांची.
दाखल्यावर तिचे ऐंशी टक्के.
बापाने एकदा विचारलं, हातातली गाठ न सोडता,
"ऐंशी म्हंजे पास मां?"
मी हसले नाही. तोही नाही.
मग दोघंही हसलो, बराच वेळ,
आणि दुर्वा आमच्याकडे बघत राहिली
मोठ्या माणसांकडे बघतात तशी.

धाकू मेस्त्री होड्या बांधतो.
टेप नाही आणला, सुतळी आणली.
टाच ते गुडघा, गुडघा ते कंबर,
पाठीचा बाक तर त्याने तळहातानेच वाचला.
"पोराचा काय चुकला? मापाचा चुकला."
उरलेल्या फणसाच्या फळ्या,
छातीशी जुन्या लाइफ जॅकेटचा पट्टा.
त्या दिवशी पहिल्यांदा ती कलंडली नाही,
आणि मला तिचे डोळे
सरळ समोरून दिसले.

तक्त्यावर होतं सफरचंद, आगगाडी,
बर्फात बुडालेलं घर,
सोनेरी केसांचा दात घासणारा मुलगा.
तीन महिने तिने मान फिरवली.
तीन महिने मी लिहिलं, प्रतिसाद नाही.
अक्षर माझंच आहे. वळणदार.

मग खोक्याचा पुठ्ठा कापला.
शेजारच्या सिद्धीने चित्रं काढली,
कारण माझ्या बकरीचं कुत्रं होतं.
बांगडा. तर. पेज. माड.
बाबाची होडी, नंबरासकट.
डाव्या कोपऱ्यात हिरवा हो,
उजव्या कोपऱ्यात तांबडा नको.
बोट उचलायचं नाही, फक्त बघायचं.

पेजेचा टोप नुकता उतरवलेला.
"दुर्वा, पेज?"
थांबायचं असतं. प्रशिक्षणात सांगतात, दहापर्यंत मोजा.
मी चाळीसपर्यंत गेले.
लाळ गळली, मान पट्ट्याशी भांडली,
डोळे निघाले,
ओहोटीत तर जाते तसे,
आडवे, वाहवत, पुन्हा वर येत,
आणि लागले
तांबड्याला.

योगायोग असेल. पुठ्ठा उलटा धरला,
हो उजवीकडे, नको डावीकडे.
"पेज?"
नको.

दर्शनाच्या हातात पळी तशीच.
"नऊ वर्सां," ती म्हणाली,
"नऊ वर्सां मी हिका पेज भरवतंय."
मग पदर तोंडाला लावून
रडत होती की हसत, मी विचारलं नाही.
"आदी सांगूक काय झाला होता गो तुका?"
दुर्वाने यावर काहीच उत्तर दिलं नाही.
तसं चित्रच नव्हतं आमच्याकडे.

मग मला थांबवेना.
मणी? नको. चेंडू? नको.
बाईंनी आता जावं?
डोळे आरामात हिरव्याकडे वळले.

हजेरीपत्रकाचे रकाने ठरलेले:
रंग ओळखते. आकार ओळखते.
नको म्हणते, असा रकाना नाही.
शेवटी होतं, सूचना पाळते का?
मी लिहिलं, नाही.
वळणदार अक्षरात, खाली रेघ मारून.

तर अर्थातच चुकली.
धक्क्यावर त्या खुर्चीतली जाळी बाजूला सारून
तासभर बसले.
खरंच बरी आहे खुर्ची.

गुरुवारी साठाव्या पायरीपर्यंत आले
तेव्हाच वास आला, आंबोळीचा.
दर्शना नारळाच्या रसात एक तुकडा भिजवत होती,
आणि पुठ्ठा समोर धरून
दहापर्यंत मोजत होती.